घारीचा पट्टा

“तण कुणी ठेवलंय ते मला आज कळलं पाहिजे,” मालक बांधावरून म्हणाला. “मुद्दाम ठेवता तुम्ही. तण संपलं तर पुढच्या वर्षी तुम्हाला विचारतंय कोण?”

बायका चिखलात उभ्या. भात लोंबीवर आलं होतं आणि त्याच्यावर तणाची खरबरीत कणसं माना काढून डोलत होती. शेत बियाण्याचं. बियाण्यात तण सापडलं की सगळा माल परत.

टोळीची म्होरकी होती घार. नजरेवरून पडलेलं नाव ते. कोवळ्या रोपांत तण ओळखायची तिची खूण एकच, बुडाशी लाली. लाल दिसलं की उपटलं. आणि तिचा संशय केव्हाच ठरला होता: टोळीतच असलेली तिची सून. हात कमी, तोंड जास्त.

“एकीला काढतो. नाव तू सांग.”

“संध्याकाळी सांगते.”

नाव जिभेवर होतं, पण घारीला पुरावा लागे. नवऱ्यावरही तिने पुराव्याशिवाय कधी आरोप केला नव्हता, आणि पुरावे भरपूर मिळाले होते.

शेतात निंदायचा प्रत्येकीचा पट्टा ठरलेला, वर्षानुवर्षं तोच. जेवणाच्या सुट्टीत ती सुनेच्या पट्ट्यात शिरली. तण बहुतेक लालबुडंच. आंधळ्यालाही दिसावं असं. आळस, दुसरं काय! मग ती स्वतःच्या पट्ट्यात आली. तिथेही तण तितकंच. एक उपटलं. बूड हिरवंगार. दुसरं, तिसरं, तसंच. भाताचं सख्खं भावंड वाटावं असं सरळ. लाल एकही नाही.

“काय शोधताय आत्याबाई, माझं पाप?” सून मागे येऊन उभी.

“तू टाकलंस इथं बी?”

“मला माझं काम उरकत नाही म्हणता, आणि तुमच्यात पेरायला वेळ मिळतो होय?”

घारीला हसू आलं नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने इथल्या लालबुड्याचं बी पडू दिलं नव्हतं. हिरव्या बुडाचं एखाददुसरं तेव्हाही असणारच. ते भात समजून तिनेच सोडलं. त्याचं बी झडलं, पोरंही हिरवीच निघाली. तिच्या नजरेतून सुटेल तेवढंच जगलं, आणि त्याचाच पसारा झाला. सुनेने लालही सोडलं होतं, म्हणून तिकडे लाल टिकून होतं.

संध्याकाळी मालकाने विचारलं, “नाव?”

“माझं.”

“डोळे गेले का तुझे?”

“शाबूत आहेत. त्यांनीच घोळ केला. दिसलं ते मी मारलं, न दिसलं ते वाढलं.”

मालकाने सुनेकडे पाहिलं. “सुनेला वाचवायला गोष्ट बरी रचलीस. मिळालेल्या आहात दोघी. उद्यापासून दोघी नको.”

तो गेला. बायकाही पांगल्या. घार पुन्हा पट्ट्यात उतरली आणि खरबरीत कणीस दिसेल ते हिरवं तण उपटू लागली. बी झडायला अजून अवकाश होता.

सूनही शेजारी वाकली.