पलंगाच्या उशाशी ठेवलेलं इंग्रजी

आमची तायडी दातांच्या कवळ्या बनवते. दात बघून ती माणसाचा स्वभाव सांगते आणि तो चुकला तर दोष दातांना देते. सगळं सुरळीत होतं. मग मालकांनी कवळ्या बनवणारं यंत्र आणलं आणि जाहीर केलं, "आता दोनच माणसं लागतील. एक यंत्राशी बोलायला, एक परदेशी डॉक्टरांशी बोलायला." यंत्राशी बोलायला मालकांचा मेव्हणा आधीच चिकटला होता.

उरली दुसरी जागा. ती हुकली तर तायडी घरी. मुलाखत परदेशातल्या डॉक्टरीणबाई व्हिडिओवर घेणार होत्या. तायडीला इंग्रजी येत होतं, पण ती बोलायला लागली की अर्ज वाचून दाखवतेय असं वाटायचं.

"मधूनमधून बोलीतले वाक्प्रचार पेरा हो," मालक म्हणाले. "बाईंना मोकळी माणसं आवडतात."

तायडीने मोकळं व्हायचा चंग बांधला. रोज एक वाक्प्रचार चिठ्ठीवर लिहून ती घरात चिकटवू लागली. फ्रिजवर 'पीस ऑफ केक', म्हणजे डाव्या हाताचा मळ. कपाटावर 'कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग', म्हणजे खिशाला भोक. पलंगाच्या उशाशी 'अंडर द वेदर', म्हणजे अंगात कसकस. बाथरूमच्या दाराला आतून 'लाँग स्टोरी शॉर्ट', म्हणजे पाल्हाळ पुरे. ही जागा आईने निवडली, कारण बाबा आत गेले की लवकर बाहेर येत नाहीत.

मुलाखतीच्या सकाळी आईने सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या.

"घर दिसणार ना त्या बाईंना! नीटनेटकं नको?"

"आई, मुलाखत माझी आहे, घराची नाही!"

"पाठ झालंय ना पण?"

"झालंय गं." तायडीचा आवाज बारीक झाला. "पण फ्रिजसमोर झालंय."

मी लगेच चाचणी घेतली. खुर्चीत बसवून 'डाव्या हाताचा मळ' विचारलं, तर चेहरा कोरा. फ्रिजपुढे उभं केलं, ताडकन उत्तर.

"तायडे, तुझा मेंदू भाड्याच्या घरात राहतोय."

"थोबाड आवर आणि चार्जर धर!"

मुलाखत सुरू झाली. बाईंनी इंग्रजीत विचारलं, काम अवघड वाटेल का? तायडी लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजला म्हणाली, "पीस ऑफ केक!" कवळ्या तुमच्याकडे महाग असतात का? तायडी कपाटाकडे. मी मागून वायर सोडत निघालो, पतंगाची फिरकी धरल्यासारखा. बाईंनी मध्येच तब्येत विचारली. तायडी पलंगाकडे धावली आणि ठणठणीत असताना कसकस सांगून आली, कारण उशाशी तेवढंच होतं.

"स्वतःबद्दल थोडक्यात सांगा," बाई म्हणाल्या.

तायडीने बाथरूमचं दार ढकललं. आत बाबा, अर्ध्या गालाला फेस, हातात वस्तरा. बाबांना इंग्रजी येत नाही, पण चिठ्ठी त्यांनी रोज वाचली होती.

"लाँग स्टोरी शॉर्ट!" बाबा गरजले आणि दार लावून घेतलं.

आईने कपाळावर हात मारून घेतला. मग बाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही सारख्या कुठे चालला आहात?"

तायडीने चारही भिंतींकडे पाहिलं. याचं उत्तर कुठल्याच खोलीत नव्हतं. ती मटकन जमिनीवर बसली आणि साध्या इंग्रजीत म्हणाली, "माझं इंग्रजी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलंय. लागेल तसं आणायला जावं लागतं. आज आईने घर आवरलं, म्हणून जरा जास्तच हाल झाले."

बाई इतक्या हसल्या की तायडीने सवयीने त्यांच्या दाढा पाहून घेतल्या.

"हे शेवटचं वाक्य कुठल्या खोलीतलं?"

"हे माझंच."

"मग असंच बोला की!"

जागा तायडीला मिळाली. फोन घरूनच घ्यायचे, असं ठरलं. ती आता धडाधड बोलते, पण भरवसा नको म्हणून घरातली एकही वस्तू कोणाला हलवू देत नाही. परवा बाबांनी कपाट खिडकीजवळ सरकवायला घेतलं.

"बाबा, हात लावू नका! मग महागाईवर बोलायला मी कुठे जाऊ?"

बाबांनी निमूटपणे हात काढला. तसा त्यांचाही मान आता वाढलाय. डॉक्टरीणबाई प्रत्येक फोनला आधी विचारतात, "बाथरूममधले सर कसे आहेत?"