मानेवरची नीळ

पास्टर उपदेश सांगता सांगता गाऊ लागले, की अबेओकुटा शहरातल्या त्या चर्चमध्ये कुणी बाकावर टिकत नसे. ते एक ओळ टाकायचे, बायका ती झेलायच्या, मधे ढोल बोलायचा, आणि देव जणू खिडकीशी येऊन ऐकत उभा राहायचा. इबिदुन्नीचा आवाज नेहमी सगळ्यांच्या वर. आज मात्र तिचे नुसते ओठ हलत होते.

समोर महिला मंडळाच्या चाळीस जणी एकसारख्या निळ्या कापडात नाचत होत्या. आभाराच्या रविवारचं हे कापड गेली तीस वर्षं इबिदुन्नीच्या आईच्या निळीच्या रांजणांतून रंगून यायचं. यंदा रांजण नासले. पाल्यात खोट होती की राखेत, कोण जाणे, पण नीळ काही धरेना. नवे रांजण मुरायला वेळ नव्हता. "जाऊन सांग त्यांना, पुढच्या महिन्यात देतो म्हणावं," आई म्हणाली होती. पण अर्धी गिऱ्हाइकं आधीच छापील कापडाकडे वळलेली. हेही मंडळ गेलं असतं तर रंगघराला कुलूप लावायचीच वेळ आली असती. इबिदुन्नीनं लागोसहून गिरणीत छापलेलं तसल्याच नक्षीचं कापड आणलं आणि परस्पर पोचतं केलं. आईला सांगितलं, एक रांजण सुधारला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कापड ती हातात घेऊन पारखायची, मुलीचा शब्द मात्र तिनं कधी पारखला नव्हता.

गाणं थांबलं. घामाघूम बायका आईभोवती जमल्या. दरवर्षीची रीतच होती. नव्या निळीचा रंग पहिल्या घामाला मानेवर उतरतो, आणि आई पांढऱ्या रुमालानं मंडळाच्या प्रमुख बाईंची मान पुसते. रुमाल जितका निळा, तितकं वर्ष भरभराटीचं. इबिदुन्नी हे विसरली नव्हती. आईचे गुडघे धरलेत, ती यायची नाही, एवढ्यावर ती विसंबली होती. आणि आई सकाळी काठी टेकत सगळ्यांच्या आधी दारात उभी.

"या दुरोजायेच्या आई," आई प्रमुख बाईंना म्हणाली, "मान पुढे करा."

प्रमुख बाईंनी मान वाकवली. "हळू हो मावशी! गेल्या वर्षी कातडं सोललंत माझं."

"मग नवऱ्यानं ओळखलं की नाही घरी?"

"छे! कोण निळी पाहुणी आली म्हणून पाणी आणून दिलं. एरवी द्यायचा नाही मेला!"

हशा उसळला. आईनं चांगलं चोळून पुसलं आणि रुमाल लेकीपुढे धरला. "मला दिसत नाही. सांग गं, किती निळा झाला?"

रुमाल घामानं भिजला होता, आणि शुभ्र होता.

"खूप, आई," इबिदुन्नी म्हणाली. "पार काठापर्यंत."

दुरोजायेच्या आईनं रुमालाकडे पाहिलं, मग इबिदुन्नीकडे. मागच्या बायकांनीही पाहिलं. एकेक चेहरा विझत गेला.

"हो मावशी," दुरोजायेची आई सावकाश म्हणाली. "यंदा रंग झकास उतरलाय."

त्यापेक्षा तिनं चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. आपलं पाप झाकायला चाळीस भल्या बायका देवाच्या घरात खोट्या झाल्या, आणि आई हात वर करून म्हणत होती, "प्रभो, माझ्या लेकीनं घर राखलं रे!" पास्टरांनी तेवढंच उचलून सूर लावला. बायकांनी ओळ झेलली नाही. ढोल एकटाच वाजत राहिला.

"आई, रुमाल पांढरा आहे," इबिदुन्नी म्हणाली. "कापड आपलं नाही. छापलेलं आणलंय मी."

आईनं प्रमुख बाईंच्या पदराचं टोक चाचपलं, जिभेला लावलं. निळीची चव नव्हती. तोंडावरची रयाच गेली.

"चाळीसही?"

"चाळीसही."

"रांजण मेल्याची मला लाज नव्हती गं. माझ्या आईच्या हातूनही मेले होते." आई काठी सोडून दुरोजायेच्या आईपुढे गुडघे टेकायला वाकू लागली. बायका किंचाळल्या, "नको, नको!" एवढ्या वयाच्या बाईनं धाकटीपुढे गुडघे टेकायचे?

इबिदुन्नीनं आईला धरलं, बाकावर बसवलं आणि स्वतः फरशीवर गुडघे टेकले. मान वर करवेना.

"पुढच्या वर्षी कापड तुमच्याकडे टाकायचं की नाही, ते मंडळ बसून ठरवेल," दुरोजायेची आई म्हणाली. "आणि ऊठ म्हणायला मला जरा वेळ लागेल, इबिदुन्नी."

"लागू दे," ती फरशीकडे बघतच म्हणाली.