शेकरच्या तळाशी साचलेलं

मित्रांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा: तुमच्या तोंडात परवाचं दूध आहे आणि चूळ भरायची सोय नाही. आली ना शिसारी? आता माझं दुःख तुम्हाला कळेल.

मी एक जुना शेकर आहे. झाकणाचा, पोटात तारेचा गोळा असलेला प्लॅस्टिकचा पेला. साच्यातून निघालो तेव्हा काचेसारखा लख्ख होतो. मग एका बसचालकांकडे आलो. त्यांच्या रक्तातली साखर वाढली होती. महिन्यानंतरच्या तपासणीत ती उतरलेली दिसली नाही, तर त्यांच्या हातून स्टिअरिंग जाणार होतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी लेकीदेखत त्यांना नीट समजावलं होतं. दूध फाटल्यावर जी निवळी सुटते, तिच्यातलं प्रथिन जेवणाआधी थोडंसं घेतलं, तर काहींची साखर सावकाश चढते. पण ते बिनसाखरेचं हवं आणि ताटातलंही काही कमी व्हायला हवं. मालकांच्या डोक्यात 'पावडर' तेवढी राहिली. त्यांनी व्यायामशाळेतल्या दोस्ताचा अर्धा उरलेला डबा उचलून आणला.

रोज तीनदा ते मला कौतुकाने घुसळत. "हा माझा खरा डॉक्टर," म्हणत. धूत मात्र नसत. इंजिनाशेजारच्या उबेत माझ्या पोटातल्या गाठी आंबत, झाकणाच्या रबराखाली पिवळी बुळबुळ धरे. त्यावरच नवी पावडर पडे. मलाच माझी किळस येई.

एके दिवशी लेकीने डबा उलटा करून वाचला.

"बाबा, हा वजन वाढवणाऱ्यांसाठी आहे. निम्मी साखरच आहे यात."

"मास्तरीणबाई, प्रथिनही आहे ना? मग झालं तर."

"मग चांगलंच असेल. मीही पिते."

तिने नाक दाबलं आणि मला ओठांना लावलं. बाबांनी मला हिसकावून घेतलं.

"अगं, वास बघ त्याचा. आजारी पडशील."

"आणि तुला चालतं?"

बाबा माझ्या तळाकडे बघत राहिले.

मित्रांनो, भांडं धुतल्याशिवाय भरू नका आणि डबा वाचल्याशिवाय उघडू नका. या दोन आळसांनी माझं आयुष्य नासवलं.

लेकीने मला मोरीत उपडं केलं, केसातला आकडा काढून रबराखालची घाण खरवडली. मग तो डबा दप्तरात कोंबून ती चपला घालू लागली.

"चल बाबा, आहारतज्ज्ञ बाईंना दाखवून येऊ. तपासणीला अजून नऊ दिवस आहेत."