चौथा कोपरा

जावयाने बोट जिभेला लावून वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि चौकटबाईंनी आपली बशी जवळ ओढून घेतली. लेकीकडे राहायला आल्यापासून रोज सकाळी हेच. सवय व्हायचं नाव नाही. हा माणूस दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या किडक्या दाढांत बोटं घालायची आणि घरी तीच बोटं स्वतःच्या तोंडात. हात धुतलेले असतात हे बाईंना कळत होतं, पण कळून उपयोग काय? शिसारी यायची ती येतच होती.

बाईंच्या घरी नळांचं काम निघालं होतं, भिंती फोडून ठेवल्या होत्या, म्हणून हा मुक्काम. ‘चौकटबाई’ हे त्यांना वर्तमानपत्राच्या कचेरीत पडलेलं नाव. रविवारच्या पुरवणीतलं सुडोकू त्याच रचायच्या, त्याच तपासायच्या, आणि प्रत्येक कोड्याखाली त्यांनी लिहून दिलेली एक ओळ छापून यायची: ‘उत्तर एकच. अंदाज मारावा लागत नाही.’ त्या ओळीवर त्यांचा फार जीव. नवऱ्यामागे एकटीने दिवस काढताना आपलं म्हणावं असं हेच एक त्यांनी उभं केलं होतं.

आणि जावई नेमका अंदाज मारणारा. रोजच्या अंकातलं सुडोकू असो की बाईंचं रविवारचं, अडला की एखाद्या घरात चार टाकायचा, पुढे रेटायचा, आपटला की खोडायचा, मग सात टाकायचा. खोडून खोडून कागदाला लव फुटायची. रबराचा काळा भुसा पावाच्या चुऱ्यात मिसळायचा आणि तो सगळा ऐवज हा गृहस्थ तळहाताने खुशाल जमिनीवर लोटून द्यायचा. पेन्सिलीचं मागचं टोक चावून चावून पार चोथा झालेलं. दातांच्या डॉक्टरने पेन्सिल चावावी! बाईंनी एकदा लेकीजवळ विषय काढला, तर ती म्हणाली, “आई, तू दुसरीकडे बघ ना.” बाईंनी पाहिलं दुसरीकडे. आवाज यायचाच.

“अहो डॉक्टर,” त्या आज शेवटी म्हणाल्याच, “सुडोकू सोडवायच्या रीती असतात. एक्स-विंग असतं. एखादा आकडा दोन आडव्या ओळींत फक्त दोन-दोन जागीच बसतोय आणि त्या जागा एकाखाली एक आहेत, तर त्या उभ्या रांगांत बाकी कुठेच तो येणार नाही. झालं, तेवढी घरं साफ. तीन ओळींवर तेच केलं की स्वोर्डफिश.”

“ते दिसायला डोळा लागतो आई,” जावई अंडं सोलत म्हणाला.

“मग साखळी करा. हे तीन असेल तर ते पाच, ते पाच तर पलीकडचं आठ...”

“म्हणजे अंदाजच की. मी कागदावर मारतो, तुम्ही मनात मारता.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मुळीच नाही! साखळीत दोन्ही वाटांनी जाऊन बघायचं असतं. दोन्ही वाटा एकाच गोष्टीवर आल्या तर ती गोष्ट पक्की. तुम्ही एका वाटेने पळत सुटता, आणि भिंतीवर डोकं आपटलं तरच मागे येता.”

“आणि नाहीच आपटलं तर?”

“तर तुमचं नशीब. त्याला सोडवणं म्हणत नाहीत.”

जावई हसला. राग येत नसे त्याला, आणि ह्या गोष्टीचाही बाईंना राग येई. उठून त्या अंघोळीला गेल्या. जाताना महाकोड्याचं तपासणीचं पान टेबलावरच राहिलं.

महाकोडं म्हणजे वर्षातून एकदा येणारं, भल्याभल्यांना घाम फोडणारं कोडं. त्याची स्पर्धा असते, वाचक उत्तरं पाठवतात, जिंकणाऱ्याचा फोटो छापून येतो. बाईंनी ह्या खेपेचं कोडं महिनाभर खपून रचलं होतं. दिलेले आकडे असे मांडलेले, की मधोमध आरसा ठेवावा आणि डावीकडचं उजवीकडे दिसावं. पान दुपारी छापायला जायचं होतं. कचेरीतला पोरगेला संपादक म्हणाला होता, बाई, कॉम्प्युटरवर एकदा तपासून घेऊ. बाईंनी नाक मुरडलं होतं. कॉम्प्युटर तरी काय करतो? अंदाजच मारतो, फक्त त्याला लाज नसते.

डोकं पुसत त्या बाहेर आल्या, तो काय! महाकोडं भरलेलं. सगळं. चोथा झालेल्या पेन्सिलीने. आणि पानाच्या कोपऱ्यात पिवळ्याधमक बलकाचा थेंब, अजून ओला.

“जमलं की!” जावई म्हणाला. “पहिल्या फटक्यात. चार टाकला आणि कुठे अडलोच नाही.”

बाईंनी पान दोन बोटांच्या चिमटीत उचललं, मेलेलं झुरळ उचलावं तसं. एक नजर टाकली आणि त्यांना बरंच वाटलं. “चूक आहे. ह्या घरात नऊ येतो. तुम्ही सात लिहिलाय.”

“असेल. बघा बरं कुठे चुकलं.”

बाई बघायला लागल्या. आडव्या ओळी पाहिल्या, उभ्या पाहिल्या, छोटे चौकोन पाहिले. कुठेच आकडा दोनदा आलेला नव्हता. पुन्हा पाहिलं. त्या खुर्ची ओढून बसल्या. बलकाचा थेंब ओघळून अंगठ्याला लागला, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

“तुम्ही तिथे नऊ कसा आणलात?” जावयाने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“चार कोपऱ्यांनी,” बाई म्हणाल्या. ही त्यांची लाडकी रीत होती. “ही चार घरं बघा. दोन ओळी, दोन रांगा, मिळून दोनच चौकोन. तीन कोपऱ्यांत चार नाहीतर सात, दुसरं काही बसत नाही. चौथ्या कोपऱ्यात चार, सात किंवा नऊ. आता चौथ्यातही चार-सातच आला, तर चारही कोपऱ्यांत चार आणि सात यांची अदलाबदल करता येईल, आणि दोन उत्तरं होतील. सुडोकूला उत्तर एकच असतं. म्हणून चौथ्या कोपऱ्यात नऊ.”

“वा!” जावई म्हणाला. “पण आई, एकच असतं हे कशावरून?”

“कशावरून म्हणजे? मी तपासलंय.”

“कसं तपासलंत?”

सोडवून तपासलं होतं. सोडवताना चार कोपरे वापरले होते. चार कोपरे चालतात कारण उत्तर एकच असतं. उत्तर एकच आहे कारण बाईंनी तपासलंय. सोडवणाऱ्याने ती रीत वापरावी, त्याला कुणीतरी शब्द दिलेला असतो. शब्द देणाऱ्या त्या स्वतःच होत्या, आणि देण्याआधी त्यांनी तो आपल्याच तोंडून ऐकून खरा मानला होता.

त्यांनी जावयाच्या हातून पेन्सिल घेतली. चोथा ओलसर लागला. त्याच्या उत्तरातले चार कोपरे खोडून त्यांनी चाराच्या जागी सात आणि साताच्या जागी चार लिहिले. तेही बिनचूक बसलं. म्हणजे दोन नव्हे, तीन उत्तरं. बाईंच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

त्यांनी संपादकाला फोन लावला. तो काहीतरी खात होता. मचमच थेट कानात येत होती.

“तीन?” तो म्हणाला. “असू द्या हो बाई. पान लागलंय. बहुतेक लोक तुमच्याच उत्तराला येतील. बाकीच्यांचं चुकलं म्हणायचं. कोण विचारतंय?”

“बरोबर सोडवणाऱ्याला आपण चूक म्हणायचं?”

“त्याला थोडंच कळणार आहे? छापलेलं उत्तर दिसलं की माणूस स्वतःलाच दोष देतो.” आणि तो पुन्हा चावायला लागला.

बाईंना त्या मचमचीपेक्षा त्या वाक्याची किळस आली. इतकी, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

“चौथ्या कोपऱ्यात नऊ छापा,” त्या म्हणाल्या. “दिलेला आकडा म्हणून. नऊच्या पुढची एकूण एक पायरी मी स्वतः सिद्ध केलीय, तिथे काही गृहीत धरलेलं नाही. मग उत्तर एकच उरतं.”

“अहो, मांडणीची वाट लागेल! आरशासारखी बसवलीय तुम्ही. एकटा नऊ चामखिळीसारखा दिसेल. आणि कोडं पोरखेळ होईल ते वेगळंच. महाकोडं म्हणतो आपण त्याला.”

हे मात्र खरं होतं. तो नऊ बाईंना आत्ताच डोळ्यांपुढे दिसत होता, आणि बघवत नव्हता. महिनाभराच्या कष्टांवर चामखीळ.

“नऊ छापायचा नसेल तर खालची माझी ओळ काढून टाका.”

पलीकडची मचमच थांबली. त्या ओळीशिवाय पुरवणी कधी निघाली नव्हती. “टाकतो नऊ,” तो शेवटी म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

वाचले, असं बाईंना वाटलं. शब्द खोटा पडला नव्हता. लेकीने चहाचा कप पुढे ठेवला. जावई पानावर वाकून चार कोपऱ्यांवरून बोट फिरवत होता.

“रीत भारी आहे हं पण,” तो मनापासून म्हणाला. “कधीपासून वापरता?”

“झाली की बरीच...” बाई म्हणायला गेल्या आणि थांबल्या. परदेशातून मागवलेल्या एका पुस्तकात ती त्यांना सापडली होती, लेकीच्या लग्नाच्या वर्षी. तेव्हापासून जवळजवळ दर रविवारी. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“म्हणजे तेव्हा माझं चुकत नसेल,” जावई म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, उलट कोडं सुटल्याचा आनंद होता. “मधूनमधून व्हायचं असं. माझं सगळं बसलेलं असायचं, आणि पुढच्या रविवारी तुमचं उत्तर बघावं तर वेगळंच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमचं कसं चुकेल, आई?” तो म्हणाला. “खोडून टाकायचो मी.”

टेबलावर रबराचा भुसा पडला होता. इतके दिवस त्याच्याकडे बघताना त्यांना मळमळायचं. आता त्यातलं काय काय बरोबर असताना खोडलेलं होतं, हे त्यांना विचारावंसंही वाटेना. स्वतःची एवढी घाण त्यांना जन्मात वाटली नव्हती.

“जुने अंक आहेत माझ्या घरी,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी घेऊन येते. सगळे सोडवायचे. तुम्ही.”

“कुठल्या रीतीने?”

“तुमच्या.”

“चालेल की!” जावई खुश झाला. “पण खूप पसारा होईल हं, आई.”

“होऊ दे,” बाई म्हणाल्या, आणि टेबलावरचं रबर उचलून त्यांनी त्याच्या हातात दिलं.