साईच्या रंगाचा डबा

कल्हईवाल्याची वाट पाहून केशरबाई कंटाळल्या होत्या. कल्हई उडालेल्या पितळी गंजात, म्हणजे उंच पातेल्यात, दूध कळकायचं. म्हणून प्लास्टिकवाला दारावर आला, तेव्हा सुनेला न विचारताच त्यांनी तो गंज त्याला देऊन टाकला आणि साईच्या रंगाचा मोठा डबा घेतला. अकोल्यात, जठारपेठेत, असला डबा तेव्हा दोन-चार घरांतच होता.

"आत्याबाई, आचेवर टिकते का हे?" सून ललितानं भीतभीत विचारलं.

"कावून नाई टिकणार? भांडंच हाय ना ते! तुले तं नव्या वस्तूचं भेवच वाटते."

रविवारी त्यांनी घट्ट खीर केली, डब्यात ओतली आणि गंज ठेवायच्या त्याच जागी, चुलीजवळच्या निखाऱ्यांवर, गरम राहायला ठेवली. ललिता पाण्याला गेली होती. थोडा वास आला. पण नव्या भांड्याला वास असतोच.

बुडाची खरवड नातीची, हे ठरलेलं. चार वर्षांची मैना ताटली घेऊन बसली. केशरबाईंनी उलथण्यानं खरवडलं. चांगली जाडजूड निघाली.

"आजी, हे तुटत नाई."

"चाव मंग! दात कायले हायेत तुले?"

मैनानं कसंबसं गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं. आणखी वाढावी म्हणून केशरबाईंनी डबा उचलला, तर सगळी खीर भसकन निखाऱ्यांवर सांडली. डब्याला बूडच नव्हतं. उलथण्याला वितळलेल्या प्लास्टिकची पांढरी तार लोंबत होती.

 केशरबाईंनी मैनाच्या तोंडात बोट घातलं. एक चिवट गोळा निघाला.

"अन् बाकीचं?"

"खाल्लं ना."

"ललिते! धाव वं!"

ललिता घागर टाकून आली. चुलीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. "कितीक गेलं पोटात?"

केशरबाईंनी हातातला गोळा पुढे केला. पोरीला काखेत मारून ललिता दवाखान्याकडे पळत सुटली.

"निघून जाईल बहुतेक. लक्ष ठेवा," डॉक्टर म्हणाले. त्या 'बहुतेक'वर केशरबाईंनी अन्नपाणी सोडलं. शेवटी एका सकाळी ते पोरीच्या पोटातून पडलं, तेव्हा कुठे त्यांनी घोटभर पाणी घेतलं.

 घरातले प्लास्टिकचे पेले, डाव सगळे ललितानं बाहेर काढले. बाजारातून नवा पितळी गंज आणला, कल्हईवाल्याजवळ स्वतः बसून कल्हई करून घेतली.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी मैना सवयीनं आजीसमोर येऊन बसली आणि तिनं तोंड उघडलं.  केशरबाईंनी चमचा सुनेपुढे धरला.

"तूच चार वं तिले."

ललितानं चमचा घेतला. पहिला घास मैनाच्या तोंडात घातला.