हस्सलेलपोनीचा अर्थ

कोशवाल्या सरांची वाचा गेली ती एका मंगळवारी सकाळी, दाढी करताना. अर्ध्या चेहऱ्यावर साबण, उरलेला अर्धा वाकडा. उजवी बाजू लुळी पडली ती पडलीच.

चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. हिब्रू धर्मग्रंथातल्या वंशावळी आल्या की लोक भराभर पानं उलटतात. सर तिथेच मुक्काम ठोकायचे. अमक्याचा मुलगा तमका, एवढीच ज्यांची नोंद, त्यांच्या नावांचं मूळ शोधून कोशासाठी कार्डावर उतरवायचे. कार्डं टाइप करायची त्यांची मुलगी. आई गेल्यापासून घरात ही दोघं आणि कार्डांचे सोळा खण.

इस्पितळात चौथ्या दिवशी ते म्हणाले, "याबेस."

"बडबडताहेत," नर्स म्हणाली. "मनावर घेऊ नका."

मुलीला ते कार्ड आठवलं. याबेसच्या आईने वेदना सोसून त्याला जन्म दिला, म्हणून ते नाव.

"त्यांना दुखतंय! काहीतरी द्या ना."

औषध पोटात गेलं आणि ते शांत झाले. पाणी, नको, बाळ, असले रोजचे शब्द पुसले गेले होते. चौतीस वर्षं घोटलेली नावं तेवढी तगली होती. मुलगी धावत घरी गेली आणि मिळतील तेवढी कार्डं पिशवीत कोंबून घेऊन आली.

"बाकीचे पेशंट आम्हाला नावं ठेवतात," नर्स हसून म्हणाली, "तुमचे वडील नुसती घेतात."

दुसऱ्या आठवड्यात एक नवं नाव सुरू झालं. "हस्सलेलपोनी." भावांच्या यादीत शेवटी आलेली बहीण, बाकी तिच्याबद्दल अक्षर नाही. नावाच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण पहिल्या भागात सावली आहे असं बरेच जण मानतात. मुलीने खिडकीचा पडदा ओढला. ते पुन्हा म्हणाले, चढ्या आवाजात. तिने खाट भिंतीकडे सरकवून घेतली. ते रडायला लागले. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी कार्ड उलटं झालं, तेव्हा मागे त्यांच्या पेन्सिलीतली ओळ दिसली: 'भर उत्तरार्धावर. वळ, वळव.'

"सिस्टर, त्यांना कुशीवर वळवा! आत्ता!"

दोघींनी मिळून वळवलं. माकडहाडापाशी वाटीएवढी जखम होती, आतून काळी.

"मी पडदे ओढत बसले," मुलगी म्हणाली. "ते ओरडून सांगत होते आणि मी पडदे ओढत बसले."

दुपारी सर्जन आले. "विष रक्तात भिनलंय. सडलेलं कापावं लागेल. हृदय दुबळं आहे, टेबलावरच जाऊ शकतात. नाही कापलं तर चार-पाच दिवस. त्यांची इच्छा काय आहे?"

ती त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा, ऑपरेशन करायचं? कळतंय ना तुम्हाला?"

ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पेलेग."

पेलेग, म्हणजे विभागणी. त्याच्या काळात पृथ्वीची वाटणी झाली म्हणून. काप, असं सांगत होते? की आता वेगळं होऊ दे, सोड मला?

"कापू, बाबा? की नको?"

"पेलेग," ते काकुळतीने म्हणाले.

तिने त्यांचा डावा हात हातात घेतला. "हो असेल तर दाबा." त्यांनी दाबला. "नको असेल तर दाबा." त्यांनी तितक्याच जोराने दाबला.

सर्जन दारात घड्याळ बघत उभे होते.

"हो म्हणाले," तिने सांगितलं.

टेबलावर ते तगले. पण ताप उतरला नाही. रोज दोनदा उघड्या जखमेचं ड्रेसिंग व्हायचं आणि ते किंचाळायचे, नुसते किंचाळायचे. नाव एकही नाही. ती कार्डं वाचून दाखवायची. "आनूब. कोस. यातलं काही, बाबा? एखादं तरी?" ते छताकडे बघत असायचे. तिने पिशवी उलटी केली, घरून उरलेले खण आणले, आवाज बसेपर्यंत वाचलं.

ऑपरेशननंतरच्या एकोणिसाव्या सकाळी ड्रेसिंग चालू असतानाच ते गेले.

नर्सने सामान आवरलं, त्यांच्या अंगावर चादर ओढली आणि तिच्या शेजारी येऊन बसली.

"ऑपरेशनच्या दिवशी ते खरंच हो म्हणाले होते?"

"मला माहीत नाही," मुलगी म्हणाली.