फेब्रुवारीचा कागद

नाडी मोजताना ओठ हलवायची डॉक्टर सुनेत्राची जुनी सवय. न्यूझीलंडला येऊन अठरा वर्षं झाली तरी तिचे आकडे मराठीतच चालत. सप्टेंबरातल्या एका सोमवारी टाकानिनीच्या दवाखान्यात एका म्हाताऱ्याचं मनगट धरून ती 'एकोणतीस, तीस' पुटपुटत होती आणि तिसावरच तिची जीभ अडली. तिला टेविटा आठवला. म्हातारा बिचारा घाबरला. त्याला वाटलं, आपली नाडीच थांबली.

टेविटा सतरा वर्षांचा, टोंगा बेटांवरून आणलेला. आणलेला असंच म्हणायचं, कारण शहरातल्या एका बड्या कॉलेजने रग्बीसाठी स्कॉलरशिप देऊन त्याला उचलला होता. इकडे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. तिथे बक्षीस समारंभाच्या फोटोत गोरी मुलं आणि रग्बीच्या फोटोत बेटांवरची. कुणाला त्यात काही खटकत नसे. सुनेत्रा त्या टीमची डॉक्टर, आणि खरं सांगायचं तर तिलाही खटकत नसे. 'अंगाने दांडगी, अभ्यासात ढ,' असं ती मित्रमंडळींत हसून म्हणायचीसुद्धा.

सीझनच्या आधी, फेब्रुवारीत, प्रत्येक मुलाची एक टेस्ट होते. महिने उलटे म्हणायचे, आकडे उलटे म्हणायचे, पाच शब्द लक्षात ठेवायचे. पुढे कधी डोक्याला मार लागला, की तीच टेस्ट पुन्हा घेऊन मार्क ताडून बघायचे. टेविटाला तेव्हा इथे येऊन अकरा दिवस झाले होते. इंग्लिशमध्ये डिसेंबर, नोव्हेंबर करत तो सप्टेंबरपाशी अडकला आणि लाजून हसला. सुनेत्राने कमी मार्क लिहून टाकले. याला टोंगनमध्ये म्हणायला सांगावं, हे मराठीत नाडी मोजणाऱ्या या बाईच्या डोक्यातही आलं नाही.

जूनमध्ये त्याचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं. टेस्टचे मार्क अगदी फेब्रुवारीइतकेच. "स्वीट ॲज," कोच म्हणाला, म्हणजे एकदम झकास, आणि शनिवारी टेविटा मैदानात. त्याच आठवड्यात डोक्याला मार लागलेला ऑलिव्हर नावाचा गोरा मुलगा टेस्टमध्ये एका महिन्यावर अडखळला. फेब्रुवारीत त्याला पैकीच्या पैकी होते, म्हणून सुनेत्राने त्याला तीन आठवडे घरी बसवलं. कागदावर दोघांना न्याय सारखाच. शनिवारी टेविटाची पुन्हा टक्कर झाली. तो उठला खरा, पण जाऊन समोरच्या टीममध्ये उभा राहिला.

स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. पण तेव्हापासून तो वर्गात नुसता बघत बसे, जेवलो की नाही हे विसरे. कॉलेजने पत्र काढलं: अभ्यासात प्रगती नाही, स्कॉलरशिप बंद, शुक्रवारचं परतीचं तिकीट. इथे राहिला तर निदान उपचार तरी होणार होते.

आणि सुनेत्राला सोमवारी आठवलं ते हे, की मे महिन्यात हाच मुलगा तिच्या चिखलातल्या जँडल्सवरून, म्हणजे रबरी चपलांवरून, फर्ड्या इंग्लिशमध्ये तिची टिंगल करत होता. तीन महिन्यांत तो भाषा शिकला होता. जूनमध्ये त्याचे मार्क चांगले वाढायला हवे होते. ते जागचे हलले नाहीत, याचाच अर्थ त्याच्या डोक्याला इजा झाली होती. तिला स्वतःची शिसारी आली.

"कागद तुझ्या बाजूने आहे," संध्याकाळी यतीन, तिचा नवरा, म्हणाला. "आपण होऊन कशाला मान पुढे करतेस? लायसन्सवर येईल, सुनेत्रा."

"म्हणजे तो पहिल्यापासून असाच होता म्हणू?"

"मी नाही म्हणत. तुझा कागद म्हणतोय."

गुरुवारी ती प्रिन्सिपॉलच्या खोलीत गेली. टेविटाला न्यायला मेले नावाची त्याची आई टोंगाहून आली होती, ती कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी टेविटा. प्रिन्सिपॉलने फेब्रुवारीचा कागद पुढे सरकवला. "मुळातच असा आहे तो, डॉक्टर. तुमचंच अक्षर."

"अक्षर माझं आहे. टेस्ट चुकीची आहे." तिने सगळं सांगितलं. मग ती मेलेकडे वळली. "त्याला तुमच्या भाषेत उलटे महिने म्हणायला सांगा."

टेविटा सावरून बसला. तीसेमा, नोव्हेमा, ओकाटोपा. थांबला. पुन्हा तीसेमापासून. पुन्हा ओकाटोपापाशी थांबला. आईचे ओठ आवाज न करता पुढचा महिना म्हणत होते. तिसऱ्यांदा त्याने सुरुवातच केली नाही. आता अडखळणं भाषेचं नव्हतं, डोक्याचं होतं; सुनेत्राचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि ते खोटं ठरलं असतं तर तिने देवापुढे साखर ठेवली असती.

"म्हणजे चूक तुमची," प्रिन्सिपॉल म्हणाला.

"हो, माझी."

त्याने ते लगेच लिहून घेतलं. चेहऱ्यावरचा ताण उतरलेला स्पष्ट दिसत होता. "तक्रार तुमच्याविरुद्ध जाईल. आम्ही डॉक्टरांच्या शब्दावर खेळवला."

"जाऊ द्या. उद्याचं तिकीट रद्द करताय ना?"

"स्कॉलरशिप खेळासाठी होती, डॉक्टर. तो आता खेळू शकत नाही, हे तर तुम्हीच सांगताय."

मेलेने पर्समधून घडी घातलेला कागद काढून सुनेत्राच्या हातात दिला. टोंगातल्या शाळेचं प्रगतिपुस्तक होतं. गणितात वर्गात पहिला.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"कुणी मागितलंच नाही," मेले म्हणाली. "फॉर्मवर उंची विचारली होती, वजन विचारलं होतं. ते आम्ही नीट लिहिलं."